कामकऱ्याचा विसावा

युनियनच्या माणसाने पगार, बोनस, महागाईभत्ता, फार तर कायद्याची कलमे यांविषयी बोलावे, अशी लोकांची समजूत असते. रोजची साधी सुखे आणि सोबत्यांची माया हा विषय आम्ही घेतला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "हा तर कीर्तनकाराचा विषय झाला." असेलही. परंतु तीस वर्षे गेटसभा घेतल्यावर, मागणीपत्रे लिहिल्यावर आणि लोकांच्या घरी बसून त्यांच्या अडचणी ऐकल्यावर आमचे असे मत झाले आहे, की मनुष्य कशाच्या आधाराने दिवस काढतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने संघटना बांधण्याच्या भरीस पडू नये. आमचे शाळेतील शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि चाळीच्या गॅलरीत. तेव्हा मांडणीत पंडिताचा नेटकेपणा सापडला नाही, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

साधी सुखे म्हणजे कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. पाळी सुटल्यावर नाक्यावर घेतलेला अर्धा ग्लास चहा. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी. रविवारी सकाळी सावकाश केलेली दाढी आणि दुपारी चटईवर काढलेली झोप. एकादशीचे भजन, पत्त्यांचा डाव, कबड्डीचा सामना, शेजारच्या खोलीतून झाकून आलेली वाटीभर कालवणाची. यांपैकी एकही सुख एकट्याने पुरते भोगता येत नाही. झोपसुद्धा नाही, कारण दहा बाय बाराच्या खोलीत बापाला दुपारी झोपता यावे म्हणून घरातील पाच माणसांना गप्प बसावे लागते.

या सुखांकडे तुच्छतेने पाहणारे दोन प्रकारचे लोक आम्हांला भेटले. पहिले काटकसरीचा उपदेश करणारे. गरिबाने चहा, पान, सिनेमा सोडला तर त्याची गरिबी हटेल, असा यांचा हिशेब. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९३७ साली इंग्लंडच्या कोळसाखाणींच्या मुलखावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने या हिशेबाचे उत्तर देऊन ठेवले आहे. बेकार आणि कंगाल मनुष्य पौष्टिक पण बेचव अन्नाकडे वळत नाही, त्याला काहीतरी चमचमीत, गोड, गरम हवे असते, आणि त्याच्या जागी असणाऱ्या कोणालाही तेच हवेसे वाटेल, असा त्याचा मतितार्थ आहे. दुसरे लोक आमच्याच चळवळीतले. भजनात आणि तमाशात रमलेला कामगार लढत नाही, म्हणून ही सगळी अफू होय, असे ते सांगत. दोघांची विचारसरणी उलटसुलट असली तरी एक समजूत समान आहे. ती ही, की असली सुखे गवतासारखी आपोआप उगवतात. वस्तुतः तसे नाही. त्यांना वेळ लागतो, जागा लागते आणि माणसे लागतात. ही तिन्ही कोणीतरी मिळवलेली किंवा बांधलेली असतात. मुंबईच्या गिरणगावात ती कशी बांधली गेली आणि कशी मोडली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून उदाहरण तेथलेच घेतो.

आधी वेळेची गोष्ट. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याची कंपनी स्थापन केली. त्यानंतर पस्तीस वर्षे गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सण आला किंवा यंत्र बंद पडले तर गिरणी बंद. एरवी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारनियुक्त आयोगाकडे दिला. त्यात काय मागितले होते ते पाहण्यासारखे आहे. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, कामाच्या वेळा ठरवा, पगार वेळेवर द्या, जखमी होईल त्याला भरपाई द्या. म्हणजे हिंदुस्थानातील कामगारांच्या पहिल्या म्हणता येतील अशा मागण्यांत विसाव्याची मागणी अगदी वरच्या जागी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे ही सुट्टी लोकांना परकी वाटली नाही.

पुढे कामाचे तास हळूहळू उतरले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला. १९२२ च्या कायद्याने आठवडा ६० तासांवर आला, १९३४ च्या कायद्याने ५४ वर, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात तो ४८ तासांचा होता. हे आकडे पुस्तकात वाचताना रुक्ष वाटतात. पण ६० चे ५४ झाले, म्हणजे दर आठवड्याला सहा तास माणसाच्या हाती आले. त्या सहा तासांत एक तमाशा, दोन भजने आणि गावच्या माणसाची गाठ एवढे सहज बसते. आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात हा कायदा असाच शिकवतो, आणि तो त्यांच्या लक्षात राहतो.

जागेचा प्रश्न अधिक बिकट. कोकणातून आणि घाटावरून आलेला बहुतेक कामगार बायकामुले गावी ठेवून आलेला असे. तो राही गावकऱ्यांच्या खोलीत. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक गाळा भाड्याने घ्यावयाचा, आणि वीसतीस जणांनी त्यात राहावयाचे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी, एक वळकटी. सगळे एकाच वेळी झोपू लागले तर पाय पसरावयास जागा पुरणार नाही. परंतु पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकजण उठून कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीचा येऊन पडे. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. या खोल्यांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ढेकूण, दमा, क्षय यांचे माहेरघरच ते. पण त्याच खोलीत गावाचे मंडळ भरे. महिन्याला वर्गणी गोळा होई. कोणी वारला तर त्याचे क्रियाकर्म आणि घरी पैसे पोचवणे त्या वर्गणीतून होई. ज्याला लिहिता येत नाही त्याचे पत्र लिहून देणारा एकतरी पोरगा खोलीत असे. शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाणाऱ्याबरोबर बाकीचे आपापल्या घरची गाठोडी देत. मुंबईतल्या गोवेकरांचे 'कूड' याच धर्तीचे. फरक इतकाच, की तेथे राहणारे बहुधा बोटीवरचे खलाशी आणि स्वयंपाकी असत आणि भिंतीवर क्रूस असे.

खोलीत मावत नाही ते सुख बाहेर शोधावे लागते. म्हणून व्यायामशाळा निघाल्या, भजनी मंडळे निघाली, नाटकमंडळ्या निघाल्या. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालवल्या. लीगच्याच परळच्या दामोदर नाट्यगृहात दिवसा साच्यावर उभा राहणारा मनुष्य रात्री संभाजी होऊन उभा राही. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याणाचा निधी उभारला गेला, कल्याण केंद्रे आली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. त्या निधीत कामगारांकडून वसूल केलेले दंड आणि त्यांनी न उचललेला पगार यांची रक्कम जमा होण्याची तरतूद होती. म्हणजे उशिरा आल्याबद्दल भरलेल्या दंडावर हा आमचा संभाजी रंगमंचावर उभा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे चहाविषयी थोडे बोलले पाहिजे. चहा ही आपली परंपरा, असे अनेकांना वाटते. वास्तविक मळेवाल्यांनी आपला माल खपावा म्हणून तो आपल्या गळी उतरवला. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्याच्या प्रचाराचा पैसा उभा करण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर गिरण्या, कारखाने, खाणी यांतून चहाची दुकाने निघावीत म्हणून मळेवाल्यांच्या संस्थांनी पद्धतशीर खटपट केली. थकलेल्या कामगाराला चहा दिला तर तो पुन्हा जोमाने कामाला लागतो, हे मालकांना पटवण्यात आले. गांधीजींनी आरोग्यावरील आपल्या लेखनात चहा पिऊ नये असे सांगितले. इतके सगळे असूनही कामगाराने त्या चहाचे काय केले, ते पाहा. त्याने त्याचे दोन भाग केले. 'कटिंग' म्हणजे अर्धा ग्लास. खिशात एका चहाचे पैसे असताना दोघांना समोरासमोर उभे राहता यावे, ही त्यातली युक्ती. मालकाला माणूस लौकर कामावर परतावयास हवा होता. कामगाराने त्याच चहाच्या निमित्ताने थांबण्याची सोय केली. आमच्या युनियनचे कितीतरी सभासद अशा अर्ध्या ग्लासावर झाले आहेत. पत्रके वाटून झाले त्यांची संख्या सांगावयास संकोच वाटतो.

आता माणसांकडे येऊ. मित्राची माया हा शब्द आपण सहज वापरतो. पण गरिबाला मदत घेणे किती जड जाते याची कल्पना सुखवस्तू मनुष्याला नसते. दान घेतल्यावर मान खाली जाते, आणि मान खाली गेलेल्या माणसाला त्या मदतीचा दिलासा मिळत नाही, ओझे होते. म्हणून कामकऱ्यांमध्ये मदतीच्या अशा काही रीती पडल्या आहेत, की देणाराला दिल्यासारखे वाटू नये आणि घेणाराला घेतल्यासारखे वाटू नये. भिशी ही त्यातली एक. बारा जण दर महिन्याला हजार हजार रुपये काढतात. जमलेले बारा हजार चिठ्ठी टाकून एकाला देतात. वर्षभरात प्रत्येकाची पाळी एकदा येते. हा झाला व्यवहार. पण एखाद्याच्या घरी दुखणे आले किंवा मुलीचे लग्न निघाले, की त्या महिन्यात चिठ्ठी टाकावयाचीच नाही, रक्कम सरळ त्याच्या हातावर ठेवावयाची, असा अनेक ठिकाणी प्रघात असतो. पुढचे हप्ते त्याला भरावयाचेच असतात, तेव्हा उपकाराची भाषा कोणी करू शकत नाही. व्याज नाही, तारण नाही, कागद नाही. बँकेच्या साहेबाला हे सांगितले तर त्याला खरे वाटत नाही. भिशी बुडवून पळून गेलेलेही लोक आम्हांला माहीत आहेत. परंतु ते थोडे, आणि त्यांना पुन्हा त्या नाक्यावर चहा मिळाला नाही.

दुसरी रीत खानावळवालीच्या वहीची. गावकऱ्यांच्या खोलीतले लोक जेवत ते चाळीतल्याच एखाद्या बाईकडे. सकाळसंध्याकाळ भाकरी, भात, कालवण. रविवारी मटण किंवा मासळी. पैसे महिन्याच्या पगाराला. १९७४ साली गिरण्यांचा संप बेचाळीस दिवस चालला. पगार नाही म्हणून या बायांनी जेवण बंद केले असते तर संप आठवड्यात कोलमडला असता. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि ताट वाढले. कोणी अंगावरचे डाग गहाण टाकले, कोणी वाण्याकडे उधारी वाढवली. पुढाऱ्यांच्या भाषणांत त्यांचा उल्लेख फारसा नसे. प्रेमा पुरव या चळवळीतल्याच कार्यकर्त्या. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि १९७५ साली या खानावळवाल्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या खेपेस चौदा बायकांना बँकेचे कर्ज मिळाले. सुखे ही अफू होत, असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही हा दाखला देतो. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले, तेही अशाच खोल्यांच्या, खानावळींच्या आणि गावाहून येणाऱ्या धान्याच्या बळावर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांनाही लोकांना आवडणाऱ्या तमाशाचाच साज घ्यावा लागला. माणसे जेथे रमतात तेथेच ती एकमेकांना ओळखतात, आणि ओळख नसलेल्या माणसासाठी कोणी पगार बुडवीत नाही.

तिसरी रीत सांगताना घरचेच उदाहरण देतो. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. आमचे वडील साचेखात्यात होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पावसाळा आला तेव्हा घरातले धान्य संपत आले होते. वडिलांच्या खात्यातला एक सोबती डोक्यावर डबा घेऊन आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, गावचा तांदूळ आलाय. आमच्याकडे उंदरांचा नुसता सुळसुळाट. एवढा डबा तुमच्याकडे राहू द्या." आईने ठेवून घेतला. आठ दिवसांनी तो आला, डब्यात डोकावला आणि म्हणाला, "अहो, तसाच ठेवलात होय? पोरकिडा लागेल की. संपवा आधी, मी दुसरा आणतो." तो डबा परत न्यावयास तो कधी आला नाही. त्याच्या खोलीत उंदीर होते ही गोष्ट खरी. पण उंदीर आमच्याही खोलीत होते, आणि हे आईला आणि त्यालाही ठाऊक होते. वडील त्याला या तांदळाविषयी कधी बोलले नाहीत. संध्याकाळी तो येई, दोघे गॅलरीत बसत, तंबाखू मळत आणि खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसे पाहत. तासभर बसून तो उठे. "येतो." "ये." एवढेच बोलणे.

असे असले तरी या मायेला कुंपणे होती, आणि ती झाकून ठेवणे बरोबर नव्हे. गावकऱ्यांची खोली म्हणजे बहुधा एका जातीची खोली. खानावळीची पंगतही तशीच. गिरणीत पाण्याचे माठ वेगळे असत. साचेखात्यात पगार अधिक. पण तेथे दलित कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला त्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावावयास इतर कामगार तयार नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे उभा केला. कामगारांची एकजूट म्हणता, मग ती धोट्यापाशी का थांबते, असा त्यातला रोख होता. ज्यांना या कुंपणाबाहेर ठेवले, त्यांनी आपली भजने, आपले जलसे, आपल्या भिशा वेगळ्या उभ्या केल्या. पण ती त्यांची हौस नव्हती.

दुसरे कुंपण चुलीपाशी. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक स्त्री होती. पाळी सुटल्यावर पुरुष नाक्यावर थांबे. बाई नळाच्या रांगेत जाऊन उभी राही. तिचे सुख त्या रांगेत, धान्य निवडताना, गौरीच्या जागरणात फुगडी घालताना असे. म्हणजे बरेचसे काम करता करताच. आणि पंधरा माणसांचे ताट वाढणाऱ्या खानावळवालीला स्वतःला गरम भाकरी किती वेळा मिळत असेल? विसाव्याची वाटणी आपल्या घरातही करावयाची असते, हे आमच्या सभासदांना सांगितले की ते मान डोलावतात आणि घरी जाऊन पेपर उघडतात.

आता हे सगळे मोडते तेव्हा काय होते, ते पाहू. वर आम्ही वेळ, जागा, माणसे असे म्हटले. कोणी विचारील, की काम गेलेल्या माणसाला वेळच वेळ असतो. त्याच्या वाट्याला तर ही सुखे भरपूर यावीत. याचे उत्तर एका जुन्या पुस्तकात मिळते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्ताल नावाचे एक गाव आहे. सगळे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. १९२९ च्या मंदीत गिरणी बंद झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तीन तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले आणि १९३३ साली त्यांनी आपली पाहणी छापली. त्यांना आढळले ते असे. लोकांना दिवसभर रिकामा वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले होते. पुरुष रस्त्याने चालताना सावकाश चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. बऱ्याच जणांनी घड्याळ बाळगणे सोडले होते. काहीच उद्योग नसताना नवरे जेवावयास वेळेवर येत नाहीत, अशी बायकांची तक्रार होती. बायका मात्र थबकत नसत, कारण त्यांचे घरकाम सुटले नव्हते. पगार गेला तो गेलाच, पण त्याबरोबर दिवसाचा आकार गेला, आणि आकार नसलेल्या दिवसात विसाव्याला जागा नसते. त्याच गावात काही जणांनी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात बटाट्याऐवजी फुले लावली होती, असेही त्या पाहणीत आहे. काटकसरीच्या उपदेशकांनी ते पान अवश्य वाचावे.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावात आम्ही हेच पाहिले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. हजारो लोक कामावर परत घेतले गेले नाहीत, अनेक जण गावी गेले. भोंगा वाजला की चहा, भोंगा वाजला की डबा, अशी पन्नास वर्षांची सवय असलेली वस्ती एकाएकी गप्प झाली. गावकऱ्यांच्या खोल्यांत माणसे कमी झाली, खानावळी बसल्या. काही माणसे दारूला लागली. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ होते, त्यांच्याशेजारी बसणारे थोडे. जी माणसे तगली ती सगळी मनाने कणखर होती असे नव्हे. त्यांची भजने चालू राहिली, किंवा कोणीतरी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या गॅलरीत बसत राहिले. हे आमचे निरीक्षण आहे, शास्त्रीय पाहणी नव्हे. पण चाळीच्या तिन्ही मजल्यांवर ते सारखेच होते.

आज गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे आहेत. तेथेही कामगार आहेत. ते झाडतात, पुसतात, पहारा देतात, पार्सले पोचवतात. त्यांना ठेकेदार बदलला की जागा बदलावी लागते, त्यामुळे सोबती टिकत नाही. पार्सले नेणारा पोरगा दोन फेऱ्यांच्या मध्ये पुलाखाली गाडीवरच बसून मोबाइल पाहतो. बसावयास त्याला दुसरी जागाच नसते. १९४८ च्या कारखाने कायद्यात दीडशेपेक्षा अधिक कामगार असतील तेथे विसाव्याची व जेवणाची खोली, आणि अडीचशेपेक्षा अधिक असतील तेथे उपाहारगृह, अशी कलमे होती. पण तो कायदा कारखान्यांचा होता, कचेऱ्यांचे मजले पुसणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जाऊन त्याच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. त्यांवर स्वतंत्र व्याख्यान देता येईल, आज नको.

अशाच एका मनोऱ्यातल्या सफाई कामगार बाया काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमध्ये आल्या. त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खात. व्यवस्थापनाने जिना मोकळा ठेवावा म्हणून तेथे बसण्यास मनाई केली, तेव्हा एकीने न्हाणीघराच्या बाजूला, एकीने तळघरातल्या गाड्यांच्या मागे, अशी एकेकटीने जेवावयास सुरुवात केली. मागणीपत्र लिहावयास बसलो. किमान वेतनातला फरक, भविष्यनिर्वाह निधी, साबण आणि हातमोजे अशी यादी झाली. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "दादा, ते सगळं लिहा. पण वर पहिलं लिहा, की आम्हांला एकत्र जेवायला जागा पाहिजे." आम्ही विचारले, "पगाराच्याही वर?" ती म्हणाली, "पगार महिन्याला येतो. जेवण रोज असतं." बाकीच्या सगळ्याजणी तिच्या बाजूने बोलल्या. मागणी पहिल्या क्रमांकावर गेली.

सात महिने पत्रव्यवहार झाला, दोन वेळा कामगार आयुक्तांच्या कचेरीत बसावे लागले. वेतनातला फरक अर्धा मिळाला. राहिलेल्याचे प्रकरण चालू आहे. खोली मिळाली. जिन्याखालची आहे, सहा बाय दहाची. आधी तेथे रंगाचे डबे ठेवीत. बायांनी ती धुतली, एक सतरंजी आणली, भिंतीवर कालनिर्णय लावले. सव्वा वाजता नऊ डबे एकदम उघडतात. जिने डबा आणला नसेल तिला काही विचारीत नाहीत, झाकणावर प्रत्येकीच्या डब्यातले थोडे थोडे जमा होते. खिडकी नसल्यामुळे उन्हाळ्यात आत फार उकडते. पुढच्या मागणीपत्रात पंखा घातला आहे.